धुळ्याला नेलेल्या भाकरी

नाना, तुम्ही असता तर मी कॅन्टीन कंत्राटदारांच्या संघटनेत नाव घातलंय हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नसती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून आता लिहिते आहे. संघटना म्हटलं की तुम्हाला हसू यायचं. पिंप्राळ्याच्या आपल्या ओट्यावर बसून तुम्ही म्हणायचात, आम्हा कंत्राटदारांचा एकमेकांच्या ताटावर डोळा असतो, एकत्र बसलो तर कुणाचं ताट उचलायचं एवढंच ठरवणार. मी तुमचीच मुलगी. धुळ्याच्या पहिल्या बैठकीत मी चहासुद्धा दुसऱ्या कुणीतरी घोट घेतल्यावरच तोंडाला लावला.

भुसावळकडच्या कॉलनीतलं तुमचं कॅन्टीन मला अजून वासावरून आठवतं. शाळा सुटली की मी तिथेच यायचे, दप्तर तांदळाच्या गोण्यांवर टाकायचे आणि परातीत हात घालायचे. एकदा दुसऱ्या एका कंत्राटदाराचा आचारी पाणी मागायला आला आणि मी त्याला सरळ आत, माठापर्यंत घेऊन गेले. काळ्या मसाल्याचं भाजण चुलीवर होतं. तुम्ही त्याचं पाणी पिऊन होऊ दिलंत. तो गेल्यावर मला म्हणालात, "परका कंत्राटदारले चूल दखाडानी नही. पानी बाहेर दे, च्या बाहेर दे." तुमचा आवाज चढला नव्हता, तरी मी रडले. पुढे माझ्या हातचा मसाला तुम्हाला पहिल्यांदा पसंत पडला तेव्हा तुम्ही मसाल्याच्या कपाटाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीत. मैत्रिणींना त्यांच्या वडलांनी कानातलं दिलं होतं. मला किल्लीचाच तोरा जास्त होता.

आणि ते कॅन्टीन गेलं तो दिवसही आठवतो. कसलीशी नवी अट आली होती, छोट्या कंत्राटदारांना झेपणारी नव्हती. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच कॉलनीच्या ऑफिसात गेलात. तुमच्यासारखे आणखी कितीतरी जण असतील, पण तुम्ही कुणाला विचारलं नाही आणि तुम्हालाही कुणी विचारलं नाही. नंतर टेम्पोतून मोठी पातेली घरी आली, अंगणात उपडी पडून राहिली.

आता मी जळगावात एका चटई कारखान्याचं कॅन्टीन चालवते. तुमचीच पातेली आहेत, मसाल्याचं कपाटही तुमचंच. स्वयंपाकाला असलेली अक्का ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी थापते, तिच्या हाताखाली दोघी आहेत, आणि तव्यावरची भाकरी सरळ कामगाराच्या ताटात पडते. संघटनेत गेले ती तेलासाठी. सगळ्यांनी मिळून घेतलं की तेल चांगलं मिळतं, असं कळलं होतं. एकदा माझा गॅस ऐनवेळी संपला तर शहरातल्याच एका सभासदाने भाजीचं पातेलं पाठवलं. मी आधी वास घेतला, चाखली, थोडा वेळ थांबून पोटाचा अंदाज घेतला, आणि मगच वाढली. भाजी चांगली होती. त्याने का पाठवली असेल, याचा विचार मात्र बरेच दिवस डोक्यातून गेला नाही.

मग सरकारकडून नव्या नियमांचा मसुदा आला. त्यात एक कलम असं, की कारखान्याच्या आवारात चूल नको. सगळं जेवण बाहेर एका मोठ्या स्वयंपाकघरात शिजवायचं आणि गाडीने पोचवायचं. म्हणजे माझं कॅन्टीन संपलं, अक्काचा तवा संपला. संघटनेने हरकती द्यायचं ठरवलं आणि त्याआधी सभासदांनी एकमेकांची स्वयंपाकघरं बघून यायचं, जे दिसेल ते हरकती ऐकणाऱ्या सरकारी साहेबांसमोर सांगायचं, असं ठरलं. माझ्याकडे कोण येणार, तर अध्यक्ष. त्यांना सगळे आबा म्हणतात. धुळ्यात त्यांचं स्वतःचं मोठं स्वयंपाकघर आहे, गाड्या आहेत. हे कलम आलं तर फायदा त्यांचाच. माझी चूल बघायला येणारा माणूस माझी चूल विझवायला येतोय, याची मला खात्रीच पटली.

म्हणून नाना, मी तुमच्यासारखंच वागले. त्यांच्यापासून काय लपवायचं, तर आपली सगळ्यात चांगली गोष्ट. अक्काला सांगितलं, आज भाकरी नाही, तवा आत ठेव. बाहेरून पोळ्या मागवल्या, भाजी साधी केली. आबा आले, जेवले. कामगार भाकरी मागत होते, मी ऐकू न आल्यासारखं केलं. हात धुताना आबांची नजर अक्काच्या पदराला लागलेल्या पिठावर गेली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, गाडीमा भाकर वात्तड व्हई जास. मना कामगार ती फेकतस आनि शिव्या मले देतस. मी तुनी ताजी भाकर देखाले उनथू, आनि तू तीच दपाडी ठेयी."

ताजी भाकरी बघायला आलेल्या माणसापासून मी तीच लपवली होती. जे पाहिलं नाही ते साहेबांसमोर सांगणार नाही, असंही ते म्हणाले. आणि त्यांनी पाहिलं काय होतं? चुली असूनही बाहेरच्या पोळ्या वाढणारं कॅन्टीन. त्या कलमाला हवा तसा पुरावा मी माझ्या हाताने मांडून दिला होता. मला माझा राग आला, आणि खरं सांगते, तुमचाही आला.

हरकतींची बैठक धुळ्याला होती. निघायच्या आधी अक्काकडून भाकरी करून घेतल्या, फडक्यात गुंडाळून डब्यात भरल्या आणि बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, डब्याची ऊब कमी होत गेली. बैठकीत आबांनी जे पाहिलं तेच सांगितलं. मग मी उठले. त्या दिवशी मी तवा का लपवला ते सांगितलं आणि साहेबांसमोर डबा उघडला. ते भले गृहस्थ, तोडायला गेले तर भाकरी तुटेना. शेवटी दातांनी ओढली आणि चावत राहिले. मी म्हटलं, "साहेब, ही सकाळी फुगली होती. गाडीने आणलेली अशी लागते." बाकीचे सभासद हसले, आपापली गाऱ्हाणी सांगू लागले, आणि संघटनेच्या हरकतीत पहिल्यांदा भाकरीचं नाव आलं. कलमाचं काय होतं ते अजून कळलेलं नाही. पण नाना, त्या खोलीत मी एकटी नव्हते. तुमचा तो इस्त्रीचा शर्ट मला आठवला.

नंतर मी आबांना पुन्हा बोलावलं. या वेळी चुलीपाशी नेलं, पाट मांडला, अक्काने तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्यांची आणि तुमची जुनी ओळख होती, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या दाराशी ते कितीदा चहा प्यायले, उंबरा ओलांडायला कधी मिळाला नाही. ते हसत सांगत होते, मी हसत ऐकत होते, आणि यांना आता माझ्या कारखान्याचं कंत्राट तर हवं नसेल ना, असंही मनात येत होतं. उठताना त्यांनी मसाल्याच्या कपाटाचं कुलूप पाहिलं. त्यावर हात ठेवला.

"तुना बाप आठेच शे," ते म्हणाले.

मी मानेनेच हो म्हटलं; इथेच आहात तुम्ही, नाना. किल्ली कमरेलाच होती, चाचपून पाहिली, आणि काढली नाही.