गंगीबाईच्या नावाचे काळे वर्तुळ

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
मनोविकार विभाग, सरकारी रुग्णालय,
जि. नंदुरबार

अर्जदार : गंगीबाई होळ्या वसावे, धंदा शेतमजुरी, रा. उंबरझिरीपाडा, ता. अक्कलकुवा

विषय : आपण काढलेल्या घराण्याच्या आकृतीत अर्जदाराचे वर्तुळ काळे असल्याने गाव तिला डाकीण म्हणत असून, त्याचा खरा अर्थ येत्या बाजाराच्या दिवसाआधी गावात येऊन सांगणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या बहिणीचा मुलगा पवन याचा केसपेपर व सोबतची आकृती.

महोदय,

अर्जदार विधवा असून तिची सविनय तक्रार पुढीलप्रमाणे आहे.

१. पवन हा अर्जदाराची धाकटी बहीण फुलीबाई हिचा मुलगा. जवळ कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले आणि आईच्या हातच्या भाकरीत विष आहे असे तो म्हणू लागला. भगत उदेसिंग यांनी सुपात दाणे मांडून डाकीण शोधली, ती सापडली नाही. नसलेली सापडणार कुठून, कपाळ! (शब्द कमीजास्त झाल्यास माफी असावी.) शेवटी अर्जदारानेच हट्ट धरून मायलेकांना आपल्याकडे आणले.

२. घराण्यात पूर्वी असे कोणाला झाले होते काय, असे आपण विचारले. अर्जदाराने खरे ते सांगितले, की लग्नाआधी तिलाही नदीतून हाका ऐकू येत आणि गोळ्यांनी ती बरी झाली. पोराला नीट औषध मिळावे एवढाच तिचा हेतू होता. आपण बायांची वर्तुळे व पुरुषांचे चौकोन काढून पवनचा चौकोन आणि अर्जदाराचे वर्तुळ पेनाने भरले. "बी घरचं असतं, पण नुसत्या बियाने पीक येत नाही, माती-पाणीही तसं मिळावं लागतं," असे आपण समजावले. अर्जदाराचा जन्म शेतात गेलेला असल्याने तिला ते तिथेच पटले. फुलीबाई रडत होती, तिने काही ऐकले नाही. कागद मात्र तिनेच पदराला बांधून नेला.

३. तो तिने भगतांना दाखवला. भगतांना अक्षर येत नाही, पण ते गोल ओळखतात. आमच्याकडे सुपातला एकेक दाणा एकेका बाईच्या नावाचा धरतात. साहेबांनीही दाणेच मांडले असे त्यांना वाटले. "बघा, सरकारी डॉक्टरने पाहिलं, काळा दाणा गंगीचा निघाला!" असे त्यांनी चारचौघांत सांगितले. झाले! माकडाच्या हाती कोलीत मिळाले. डाकीण सापडल्यावर गोळ्या कशाला, म्हणून पवनच्या गोळ्या ओढ्यात फेकल्या. पोर आता खांबाला बांधलेले आहे आणि त्याचे ओरडणे अर्जदाराला तिच्या घरात ऐकू येते.

४. पवनला ईश्वर नावाचा जुळा भाऊ आहे. दोघे इतके सारखे की लहानपणी आईच फसायची. पवन कळत्या वयाआधीच आईबापासोबत गुजरातेत ऊसतोडीला गेला. तिथे शाळा सुटली, रात्र रात्र ट्रक भरणे आले, जागायला गांजा आला. ईश्वर त्या वेळी तापाने फणफणला होता म्हणून मागे राहिला. अर्जदाराने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, आश्रमशाळेत घातला. तो आजवर धडधाकट आहे. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, पण रक्त एक असून दिवस वेगळे गेले याचा फरक पडला असेल, असे आपण म्हणालात. अर्जदाराला वाटले, आता तरी लोकांना कळेल. पण पंच म्हणतात, एकाला पोसायचे म्हणून तिने दुसऱ्याला खाल्ले. साहेब, खरे बोलावे तर वर्तुळ काळे, पोर सांभाळावे तर तेही पाप! माणसाने वागावे तरी कसे?

५. अर्जदाराला झिऱ्यावर पाणी भरू देत नाहीत. कौलांवर दगड पडतात. बाजाराच्या दिवशी पंच बसणार असून, मावशीनेच भावाला खाल्ले असे ईश्वरने सर्वांसमोर बोलावे, असा त्याला दम दिलेला आहे. तो बोलला तर अर्जदाराला गाव सोडावे लागेल, किंवा जीवच जाईल. न बोलल्यास त्यालाही तिच्यासोबत धरतील. पोलीस पाटील म्हणाले, कायदा आहे, पण पंचांत माझाच चुलता आहे. तालुक्याच्या कचेरीत उत्तर मिळाले, "आर्ज लिखी लय माय, मंग देखूत." म्हणजे आधी अर्ज लिहून आण, मग बघू. म्हणून हा अर्ज.

तरी साहेबांनी कृपया स्वतः यावे. जीप ओढ्यापर्यंत येते, पुढे आपली बॅग अर्जदार डोक्यावर घेईल. येणे जमत नसल्यास, काळे वर्तुळ म्हणजे खाणारी नव्हे, तर सोसलेली, असे शिक्क्यानिशी लिहून द्यावे. शिक्का मोठा असावा, आमच्याकडे अक्षरापेक्षा शिक्क्याला मान आहे. तेही नियमात बसत नसेल तर दोन आकृत्या द्याव्यात. दवाखान्यातली काळीच ठेवावी, कारण पवनचे औषध तिच्यावर ठरते. गावासाठीच्या आकृतीत वर्तुळ पोकळ करावे. मला कधी काही झालेच नव्हते, असे अर्जदार आमच्या देवीची, याहा मोगीची शपथ घेऊन खोटे बोलेल व ते पाप तिच्या माथी राहील. अगदीच काही न जमल्यास सर्वच वर्तुळे व चौकोन काळे करावेत, भगतांचा धरून.

अर्जदाराला स्वतःपेक्षा ईश्वरची धास्ती अधिक आहे. जागरण आणि भीती अशा घराण्यातल्या पोरांना वाईट, हे आपणच बजावले होते. दगड पडू लागल्यापासून तो तिच्या दारात काठी घेऊन बसतो, झोपत नाही. झोप म्हटले तर ऐकत नाही. त्याचा चौकोन पांढरा राहावा, ही तिची शेवटची विनंती आहे.

आपली नम्र व आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
गंगीबाई होळ्या वसावे
(डाव्या हाताचा अंगठा)

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५
सोबत : आकृतीची झेरॉक्स प्रत

अर्ज लिहिणार : ईश्वर, पवनचा जुळा भाऊ

ता. क. : वरील मजकूर अर्जदारास वाचून दाखविला, तो तिला मान्य आहे. यापुढचा दाखविलेला नाही. साहेब, मी पंचांपुढे तिच्याविरुद्ध बोलणार नाही, हे नक्की. पण कालपासून ओढ्याकडून कोणीतरी माझे नाव घेऊन हाका मारते. मावशीला त्या ऐकू येत नाहीत. गावातलेच कोणी भेवडावत असेल, असे मी मनाला सांगतो. ते खरेच बाहेर कोणी आहे काय, एवढे तरी पाहायला लवकर या.