शिवकन्येची रविवारची टेस्ट

२ जून १९९७
साडेतीन वर्षांची झाली, अजून मला आजी म्हणत न्हाई. चूक सुनेची. जगदेवी भालकीची. ती पोरीशी कानडीत बोलून राहते, आम्ही मराठीत. शिवकन्येनं ऐकायचं कुणाचं? त्यात भूकंपाच्या वक्ताला पोटात होती, तेव्हाच दचकली असंल. आईजवळ पाण्याला 'नीरु' म्हणते, 'ये'ला 'बा' म्हणते. ते मी धरत न्हाई, कानडी हाय.
आजपासून घरात कानडी बंद. आठ दिवसात बोलती करते.

३ जून
वेखंड उगाळून जिभेला लावलं. थुंकली, रडली. आवाज मोठा निघाला. गुण हाय.

४ जून, सकाळी ६
लेक बालाजी लातूरभरच्या पोरांना क्लासमधी फिजिक्स शिकवतो, घरी तोंड उघडत न्हाई. त्याच्या क्लाससारखा टाइमटेबल भिंतीला लावला. सकाळी शब्द, दुपारी रिव्हिजन, रविवारी टेस्ट. मी चौथी पास हाय, तेवढं बास.

६ जून
डॉक्टर म्हणला, दोन्ही भाषा चालू द्या, गप्पा मारा, घोकून घेऊ नका. पोरसवदा हाय. त्याला काय कळतंय.

८ जून, रविवार
टेस्ट. तांब्या, वाटी, पळी, अशा दहा वस्तू दाखवल्या. दहापैकी शून्य. सारखी आईकडं बघत होती. जगदेवीला अंगणात उभं केलं. कॉपी चालणार न्हाई.

११ जून
जगदेवीला मराठी धड येत न्हाई, म्हणून ती आता बोलतच न्हाई. पोरीचं 'नीरु' पण गेलं, नुसतं तांब्याकडं बोट करते. चांगलंच झालं. कानडी निघाली, आता मराठीला जागा झाली.

१५ जून, रविवार
दुसरी टेस्ट. "आजी म्हण," वीस खेपा म्हणलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला अन् स्वच्छ म्हणली, "ब्याड." म्हंजी नको. बोलली तर खरी!
जगदेवी आत आली. चार दिवसांनी तोंड उघडलं. मला, सासूला म्हणली, "अत्ती, आता पुरे."
पोरीला घेऊन माहेरी गेली. बालाजीनंच स्टँडवर सोडलं. येईल आठ दिवसात.

२९ जून
आली न्हाई. भालकीहून फोन आला. पोरगी बोलून राहिली, थांबेचना. मधीच हसायची. सगळं कानडी, मला अक्षर कळलं न्हाई.
मी म्हणलं, "शिवकन्या, मी आजी."
तिकडं गप. नुसता श्वास. मग जगदेवी म्हणली, आत पळाली.
लाइन खराब असंल.
बालाजीला सांगून ठेवलं. भालकीचा फोन वाजला की तूच घ्यायचा. मी पूजेला बसले म्हणायचं.