डाव्या जबड्याचं माप

लाडाची रोशनी,

हे तुला पाठवायचं नाही, तरी लिहिते.

कॉम्प्युटरवर माणसाची कवटी घडवायला शिकतेस, म्हणून फोनवर माझ्या जबड्याचं माप मागितलंस. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. शिलाईच्या टेपानं उजवी बाजू बारा सेंटीमीटर भरली, डावी तेरा. तुला मी दोन्ही बाराच सांगितल्या. बचत गटाच्या वहीत कधी खोटा आकडा लिहिला नाही मी, जगदंबा साक्षी आहे.

तू हसलीस. "याडी, तू तं देवीच्या मूर्तीवानी एकसारखी!"

डावीकडे गाठ आहे, बाई. दिवाळीपासून वाढून राह्यली. घाटंजीच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासायला सांगितलंय. तुझे बाबा म्हणतात, बोंडअळीतून उरलेला कापूस वेचून झाला की जाऊ. आणि आईला गाठ आहे हे तुला कळलं तर तू शिक्षण सोडून येशील.

काल म्हणालीस, आता कवटीवर मांस-कातडी चढवून तुझाच चेहरा करते, दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. मी विचारलं, "पदर घेतला तं चालन का?"

"कायले? मले तुहं तोंडच पाह्यचं आहे."

सकाळपासून मोबाईल हातात आहे. काय पाठवू, बाई?

तुझी याडी