वाढायला मी उठणार नाही

प्रिय आई,

भरल्या पोटी नमस्कार. खरंच भरल्या पोटी, उगाच लिहिलेलं नाही!

जेवण चुकवायचं माझं दुखणं मागे पडतंय. डॉक्टर खूश आहेत. इथे कामावर दुपारी पुस्तकबांधणीचं टेबल आवरून आम्ही सगळे तिथेच जेवतो. पहिल्या दिवशी सवयीने मी वाढायला उठले, तर शिलाईवाल्या मावशींनी हातातला डावच काढून घेतला. "वाढणारीच्या ताटात कुणी डोकावत नाही, मला ठाऊक आहे. बस खाली!" अशी चिडले म्हणून सांगू! पण बसले आणि जेवले.

घरी सगळे म्हणायचे, पोर किती गुणी, सगळ्यांना आग्रहाने वाढते. मी स्वतः जेवतच नाही, हे तुला तरी कसं कळणार होतं?

अजून एखाद्या दिवशी घास घशाखाली उतरत नाही. मग मावशी सुनेच्या कागाळ्या सुरू करतात आणि ऐकता ऐकता माझं ताट रिकामं होतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? सुट्टीत येतेय. तेव्हा वाढायचं काम दादाचं. आणि तूही आमच्याबरोबरच बसायचं, आई. तुझ्या ताटात तरी आजवर कोण डोकावलंय?

तुझी,
हट्टी धाकटी