चिकटवलेलं पाकीट

येरवडा, पुणे
२ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञेश यास सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

आम्ही सर्व कुशल. तुझा फोन आणि पासपोर्ट तिथल्या कोर्टात जमा, म्हणून आता पत्रांचे दिवस आले. आपल्या वकिलातीतल्या सुरुचीमॅडम पंधरवड्याला तुला भेटतात, त्याच हे देतील. पाकीट उघडंच ठेवलंय. तुरुंगाच्या कचेरीत एकतीस वर्षं बंद्यांचं टपाल वाचलं. वाचणाऱ्याला पाकीट फोडत बसावं लागू नये, एवढं मला कळतं.

तुझ्या कंपनीचे साहेब येऊन गेले. काजू बी खराब होती असं तू लिहून दिलंस की तिथल्या व्यापाऱ्याची उरलेली रक्कम देण्याचा प्रश्नच मिटतो, म्हणाले. मग ते जामीन भरणार आणि तू आठवड्यात घरी. निर्णय तू घे. जेवणाची आबाळ करू नकोस. चैताली विचारते, दाढी ठेवलीस का.

तुझा,
बाबा

१९ डिसेंबर २०२४

आदरणीय बाबांस सविनय जयभीम.

चैतालीला सांगा, तिच्या भावाला दाढी आहे, आणि तिला मुळीच आवडणार नाही अशी आहे. मला बंदरामागच्या एका खोलीत ठेवलंय. पहारेकरी सभ्य आहे.

बाबा, त्या मालातली पन्नास पोती मी स्वतः निवडली होती. प्रत्येकातली मूठभर बी कापून गर पाहिला आणि माल चांगला म्हणून सही केली. तो चांगलाच होता. कंपनीने तो पुण्यात विकलाही. कंपनीवर दावा लावणाऱ्या इथल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने तो खेड्यांतल्या बायकांकडून उधारीवर घेतला होता. त्या दर शुक्रवारी त्याच्या दारात येऊन बसतात.

आपले राजदूत सोळा जानेवारीला इथल्या व्यापारमंत्र्यांना भेटणार आहेत. त्याआधी माझं लेखी म्हणणं हवं. खरं लिहिलं तर आपलं सरकार कंपनीकडे तगादा लावील, पण पैसे येईपर्यंत मी इथेच.

तुमच्या पत्रात तुम्ही कुठेच नव्हता. एकदा मनातलं लिहा. आईला जपा.

आपला,
प्रज्ञेश

येरवडा, पुणे
४ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञेश यास जयभीम.

तुझं पत्र चारदा वाचलं. आज पाकीट चिकटवतो आहे, आयुष्यात पहिल्यांदा.

सर्व कुशल लिहिलं ते खोटं होतं. आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. फेब्रुवारीच्या पुढे थांबू नका, असं डॉक्टर सांगतात. तू आल्याशिवाय ती ऑपरेशनला तयार नाही. चैताली रडली, मी ओरडलो, काही उपयोग नाही. सुरुचीमॅडमना यातलं बोललो नाही. घरचं दुखणं परक्यांपुढे मांडायची मला सवय नाही.

बंद्यांचे बाप लिहायचे, वाट्टेल ते कबूल कर पण सुटून ये. वाचताना मला त्यांची कीव यायची, थोडा रागही. आज मीही तेच लिहितो आहे. सही कर, प्रज्ञेश. माल खराब होता म्हण. त्या बायकांची मला लाज वाटते. तरीही तू ये.

तुझा,
बाबा

१८ जानेवारी २०२५

आदरणीय बाबांस सविनय जयभीम.

पंधरा तारखेला मी लिहून दिलं की माल चांगला होता. पाचवीत मी तुमच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली, तेव्हा तुम्ही मला धरून मास्तरांच्या घरी नेलं होतंत. लिहिताना तेच आठवत होतं.

राजदूतांची भेट झाली. कंपनीला सहा महिन्यांची मुदत मिळाली आहे, म्हणजे मी जुलैपर्यंत इथेच. व्यापाऱ्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, पण दावा मागे घेऊन पासपोर्ट काही कोर्टातून सोडू दिला नाही.

तुमचं पाकीट काल मिळालं. आणि चक्क चिकटवलेलं! मॅडमही हसल्या. आत काय असणार ते मला न फोडताच कळलं. माझी पाठ थोपटली असेल आणि ते कोणी वाचू नये म्हणून लाजला असाल. आजच वाचलं तर आजच संपेल. मला ते सहा महिने पुरवायचं आहे. उशाखाली ठेवलंय. घरी आलो की तुमच्या आणि आईच्या समोर फोडीन.

तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.

आपला,
प्रज्ञेश