बुंगा लेमोची उजवी बाजू

ताना बेरु,
१४ ऑगस्ट २०१६

प्रिय ताजु,

तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना अजून कुरकुरतो का? नुरलियाची साखर खाली आली, की अजून तुझी पाठ वळली की केळीच्या पानातले गोड बारोंको खाते? इर्माचं धाकटं आता धरून उभं राहत असेल. जावयाची कंबर पामच्या मळ्यात ओझी उचलून धरली होती, ती सुटली का? सगळ्यांचं नीट कळव. मी बरी आहे. दात चार उरलेत, पण डोळे शाबूत आहेत. माझा हमजा म्हणतो, म्हाताऱ्या बाईला इतकं दिसणं बरं नव्हे.

सोबत तीन फोटो पाठवते आहे. आपल्या बुंगा लेमोचे. बाबांनी बांधलेलं, नुसत्या शिडावर चाललेलं शेवटचं जहाज. तू तावाउला गेलास त्यानंतर दोन मालक झाले, मग कुणीच वाली राहिला नाही. आता वाळूवर पत्र्याखाली उभं आहे. शहरातले संग्रहालयवाले ते नेऊन जपणार म्हणतात, पण कागद इकडून तिकडे फिरतायत तोवर त्याच्या सावलीत बकऱ्या बसतात. पहिल्या फोटोत दिसतील, चांगल्या सात आहेत.

हे फोटो वाह्युनीने काढले. संग्रहालयाची मुलगी, हमजाच्या थोरलीएवढी. आठ दिवस पोटावर सरपटत जहाजाच्या आतून फोटो काढत होती. मी रोज तिला कॉफी नेत होते. प्रत्येक फोटोखाली काय आहे आणि कुणाच्या हातचं आहे ते लिहायचं, मग ती वही जहाजाबरोबर कायमची जाणार. म्हणून तिने मंगळवारी आमच्या घरी सगळ्या जुन्या सुतारांना गोळा केलं. म्हणजे उरलेल्या तिघांना, आणि मला.

दुसरा फोटो मागच्या बाजूचा आहे, छान आलाय. तो नुरलियाला दाखव.

तिसरा फोटो एकटा असताना बघ.

उजवीकडची वरची फळी संग्रहालयवाल्यांनी उचकटून काढली होती. खालच्या सगळ्या सांध्यांतून आत भरलेल्या झाडाच्या सालीची तपकिरी कड दिसते, विडा खाल्लेल्या ओठांसारखी. पाणी लागलं की साल फुगते आणि फट मिटते, हे मी वाह्युनीला सांगत होते. तर तीच फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, मग इथे का नाही?" एके ठिकाणी, हातभर, लाकडावर नुसतं लाकूड.

त्या तिघांतला मंगुंग लगेच हसला. "ती ताजुची बाजू. हातोडी फळीवर, डोळे विहिरीवरच्या पोरींवर! पहिल्याच फेरीत निम्मं मीठ भिजवलं पठ्ठ्याने." सगळे हसले. वाह्युनी लिहायला लागली. ता, मग जु. मी बघत होते.

आपल्या इमामांच्या घराला नवीन छप्पर आलं. विहीर बुजवली. तुला हे सगळं कळवायचं राहिलंच होतं.

ताजु, फिरून फिरून किती लिहू? त्या सकाळी साल मी घालत होते. माणसं कमी होती म्हणून बाबांनी मला बसवलं होतं. शुक्रवार होता, नमाजाच्या आधी फळी बसायला हवी होती. साल हातभर कमी पडली. भिजवलेली घरी होती. मला सातवा महिना, ऊन डोक्यावर, परत जायचा कंटाळा आला. बाबा ओरडत होते. तू पलीकडून हातोडी उचलून मला, थोरल्या बहिणीला, विचारलंस, "दाएंग, झालं का?"

मी म्हटलं, "झालं."

माझ्या शब्दावर तू हातोडी मारलीस.

पुढे मीठ भिजल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर ती हातोडी तुझ्या हातातून काढून घेतली. या हाताने माझ्या जहाजाला शिवायचं नाही, म्हणाले. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. माझ्या पोटाकडे बघितलंस. आणि गप्प राहिलास. पंधरा दिवसांत तावाउच्या बोटीत बसलास. मी तुला वाटेसाठी सुकी मासळी बांधून दिली, आणि तोंड उघडलं नाही.

अजून एक आहे. बाबा गेले त्या आठवड्यात ते तुझंच नाव घेत होते. "ताजुने असं का केलं असेल गं?" असं मलाच विचारायचे. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी त्यांची उशी नीट करायचे.

तर मंगळवारी मी वाह्युनीचा हात धरला. "पोरी, खोड ते. साल घालायचं काम कामारियाचं होतं आणि तिने घातली नाही, असं लिही. कामारिया म्हणजे मी."

मंगुंग म्हणाला, "अगं म्हातारे, भावाला वाचवायला आता काय उरलंय?"

"वाचवत नाही. झालं असं मीच म्हटलं होतं. त्याने ऐकलं."

मंगुंगने कॉफी खाली ठेवली. जाताना दारातून म्हणाला, "पंचेचाळीस वर्षं आम्ही त्या पोराची चेष्टा केली." संध्याकाळी त्याने नातीबरोबर मासळी पाठवली, तुला पाठवायची म्हणून. टपालात घेत नाहीत, हे त्याला कसं सांगू?

फोनवर हे बोलता आलं नसतं. नुरलिया स्पीकर लावते, सगळी चाळ ऐकते.

माफ कर असं मी लिहीत नाही. तेवढ्याने तुझी इतकी वर्षं फिटत नाहीत. पण जहाज हलवण्याआधी ती फळी परत बसवायची आहे. त्यांची माणसं तयार आहेत. मी म्हटलं, थांबा, त्या बाजूचा सुतार जिवंत आहे. वाह्युनी वर्षाखेरच्या पावसापर्यंत थांबायला तयार झाली. तू ये. साल मी घालीन, वाकता येत नाही तरी घालीन. फक्त यावेळी मला विचारू नकोस. स्वतः वाकून बघ, आणि मगच हातोडी मार.

यायचं नसेल तर तसं लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल, पण लवकर लिही. मी एकाहत्तर वर्षांची आहे, ताजु.

तुझी,
जिच्या शब्दावर तू विश्वास ठेवलास ती
दाएंग कामारिया