पुढची की मागची

बाई, माझी मुलगी टीम सोडायची म्हणते आणि तिला काय सांगावं ते मला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली हे माहीत आहे. पण हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखा नाही. हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे गुडघे वाकवताना तोच डोक्यात घोळतो आणि मी पेशंटवर उगाच खेकसते.

खेळ अमेरिकन फुटबॉल, मुलींचा. यात एकमेकींना आडवं पाडत नाहीत. कमरेच्या पट्ट्याला कापडी झेंडे असतात, जिच्या हातात चेंडू तिचा झेंडा ओढला की डाव थांबला. बचावात काही मुली पुढे असतात, चेंडू घेऊन धावणारीला अडवायला, त्या लाइनबॅकर. काही मागे, लांब फेकलेला चेंडू कुणाला झेलू न द्यायला. आणि एक आमची, जी दोन्हींत नाही. ती जरा बाजूला, मधल्या मोकळ्या पट्ट्यात उभी राहते. समोरच्यांनी धाव घेतली तर हिने पुढे घुसायचं, चेंडू फेकला तर मागे पळायचं. कोच तिला हायब्रिड म्हणते. मला आपली हायब्रिड ज्वारी आठवते, जी आमच्या घरी कुणी आवडीनं खाल्ली नाही.

गेल्या शुक्रवारी इथे कुवेतमध्ये, शुवैखला, गॅरेजांच्या मागच्या भाड्याच्या मैदानावर सामना होता. समोरची चेंडू फेकणारी मुलगी चेंडू मैत्रिणीच्या पोटाशी नेते, दिल्यासारखं करते, काढून घेते. आमची तोवर पुढे धावलेली. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कोच, अमेरिकेत शिकून आलेली कुवेती मुलगी, सगळ्यांसमोर ओरडली, "खलास! पुढची हो नाहीतर मागची हो. पुढच्या शुक्रवारच्या आत सांग, नाहीतर बाकावर बस."

सलवाला घरी परतताना गाडीत रडणं नाही, नुसता राग. "आय ॲम नथिंग, आई. जिथे भोक पडतं तिथे मला लावतात. मी सोडतेय."

"रागाच्या भरात सोडायचं नाही. विचार करून सोड."

"तू काय होतीस? तुमच्या त्या कबड्डीत?"

तिचे बाबा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतली ड्यूटी संपवून थेट मैदानावर आले होते. गाडी चालवता चालवता म्हणाले, "तुझी आई? ती सगळीकडे होती. अजूनही असते."

मी काय होते, बाई? कॉलेजच्या मागे मातीचं मैदान, तुम्ही पदर खोचून शिट्टी तोंडात धरून उभ्या. एका चढाईला मला कोपऱ्यात ढकलता, दुसऱ्या चढाईला मध्ये ओढता. मी विचारते, "बाई, माझी जागा कोणती?" तुम्ही शिट्टी काढून म्हणता, "जागा काय मागतेस, लग्नाची पंगत आहे का? तिचे पाय बघ, पाय!" तीन वर्षं मी पाय बघितले. कोपऱ्यातली कोपऱ्यातली म्हणून गाजली, मधली मधली म्हणून. मला कुणी काहीच म्हटलं नाही. ते कौतुक होतं की सोय होती? तेवढंच मला हवं आहे, कारण मुलीला तेच हवं आहे.

मंगळवारी सरावाला, टीमच्याच मुली दोन गटांत खेळत असताना, मी जाळीबाहेर उभी राहिले. मुलीकडे नाही, समोरच्या गटातल्या चेंडू फेकणारीकडे पाहिलं. चेंडू हातात यायच्या आधी ती दर वेळी आमचीला शोधत होती. पुढे सरकली आहे की मागे आहे, ते बघायची आणि मग हाताच्या खुणेनं आपल्या मुली हलवायची. त्यांचा अख्खा डाव हिच्या उभं राहण्यावर बेतलेला, आणि ही मान खाली घालून पाय बघते आहे! कारण लहानपणी गच्चीवर मीच तिला तसं शिकवलं, जसं तुम्ही मला. चढाई पायांत जन्मते, ते खरं. पण इथे पाय खोटं बोलतात आणि चेंडू हवेतून जातो. तुमच्या धड्यानं ती फसली, बाई.

तेव्हापासून एकच गोष्ट टोचते. चढाईला येणारी मुलगी मलाही अशीच शोधत असेल का? मला कळायला मार्ग नाही. तीन वर्षांत एकीचाही चेहरा मी पाहिला नाही. तुम्ही पाहत होतात. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत. किंवा सांगण्यासारखं काही नव्हतंच.

काल गुरुवारी मैदानाच्या फाटकाशी मी तिला थांबवलं. म्हटलं, "माझ्या बाई म्हणायच्या, पाय बघू नकोस. समोरची आधी कुणाला शोधते ते बघ. जिला शोधते, तिलाच ती भिते. इथे ती तुला शोधते."

"तुझ्या बाई असं म्हणायच्या? त्या शिट्टीवाल्या?"

"हो."

"शुअर?"

"हो म्हटलं ना! जा आता."

ती कोचशी काहीतरी बोलली. मग पट्टा आवळत गेली आणि त्याच मधल्या पट्ट्यात उभी राहिली, मान वर करून. आजचा सामना कसा होईल ते मला माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? पत्ता असता तरी पाठवलं नसतं, तुम्ही फैलावर घेतलं असतंत. फक्त नोंद असू द्या: कुवेतमध्ये, गुरुवारी संध्याकाळी, माझ्या मुलीच्या हवाली एक वाक्य केलं. तुमच्या नावावर. तुम्ही ते कधीच म्हणाला नव्हतात.